पिचरची कारकीर्द आणि पंधराव्या वर्षीचे कोपर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील मुलगा पंधरा वर्षांचा आहे. तो शाळेच्या आणि एका खासगी क्लबच्या अशा दोन्ही बेसबॉल संघांकडून पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणून खेळतो आणि त्याचा चेंडू ताशी ८२ मैलांपर्यंत जातो. क्लबच्या प्रशिक्षकांच्या मते त्याने यंदा हिवाळ्यातही थांबू नये, जड चेंडू फेकून वेग वाढवण्याचा कार्यक्रम करावा, म्हणजे दोन वर्षांत विद्यापीठांचे आणि व्यावसायिक संघांचे निवडकर्ते त्याच्याकडे पाहू लागतील. व्यावसायिक पिचरची कारकीर्द प्रत्यक्षात कशी असते, ती किती टिकते आणि त्या दृष्टीने आज काय करावे, असे त्याच्या आईवडिलांनी विचारले आहे.

मी क्रीडा-फिजिओथेरपिस्ट आहे. माझे शिक्षण महाराष्ट्रात झाले आणि पुढे अमेरिकेत आल्यावर चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंच्या खांद्यांचे व कोपरांचे पुनर्वसन हेच माझे मुख्य काम झाले. त्यात शाळकरी मुले असतात तसेच मायनर लीगमधील, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या स्तरांवरील, खेळाडूही असतात. माझे मत आधीच सांगतो. ज्यांची कारकीर्द खरोखर लांबते, अशा पिचरच्या आयुष्यात दोन कारकिर्दी असतात. पहिली वेगाच्या बळावर मिळते. दुसरी वेग उतरल्यावर किंवा कोपर एकदा दुरुस्त करून घेतल्यावर सुरू होते आणि ती नियंत्रण, चेंडूंची विविधता व स्वतःच्या हाताची जाण यांवर चालते. क्लबने सुचवलेला हिवाळी कार्यक्रम पहिलीच्या घाईपोटी दुसरीचे भांडवल खर्च करतो, म्हणून त्याला माझा विरोध आहे. हा विरोध का, हे समजण्यासाठी आधी कोपर समजून घ्यावे लागेल.

क्रिकेट पाहत वाढलेल्या पालकांना या दोन खेळांतील एक फरक चटकन जाणवत नाही. वेगवान गोलंदाज धावत येतो, त्याचा हात जवळजवळ सरळ राहतो आणि चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होऊ देण्यास नियमांची मनाई आहे. त्यामुळे त्याच्या गंभीर दुखापती बहुधा कंबरेच्या मणक्यात, गुडघ्यात आणि घोट्यात आढळतात. पिचर मात्र १० इंच उंचीच्या माउंडवरून, म्हणजे मातीच्या उंचवट्यावरून, एकच लांब पाऊल टाकतो, वाकवलेले कोपर खांद्याच्या पातळीला आणतो, पंजा पाठीमागे पडेपर्यंत दंड बाहेरच्या दिशेने पिळतो आणि निमिषार्धात तो पीळ उलटा सोडून साधारण १४५ ग्रॅम वजनाचा चेंडू ६० फूट ६ इंचांवरील फलंदाजाकडे धाडतो. प्रौढ पिचरमध्ये दंडाच्या या उलट फिरण्याचा वेग सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपास मोजला गेला आहे. खेळांमध्ये मोजल्या गेलेल्या मानवी हालचालींत ही सर्वांत वेगवान हालचालींपैकी एक आहे.

पीळ जेव्हा पूर्ण मागे गेलेला असतो, त्या क्षणी कोपराची आतली बाजू फाकू पाहते. तिला धरून ठेवणारा मुख्य अस्थिबंध दंडाचे हाड आणि करंगळीच्या बाजूचे हाड यांना जोडतो. तो जेमतेम काही मिलिमीटर रुंद असतो. प्रौढ व्यावसायिक पिचरच्या कोपरावर त्या क्षणी येणारा ताण सुमारे ६४ न्यूटन-मीटर भरतो, तर मृतदेहातील अस्थिबंध प्रयोगशाळेत एकटा ताणून पाहिला असता तो साधारण त्याच्या निम्म्या ताणालाच तुटतो. तरीही प्रत्येक फेकीला कोपर फाटत नाही, कारण उरलेला भार पुढच्या हाताचे स्नायू आणि हाडांची रचना उचलतात. स्नायू ताजे असताना ते आपला वाटा नीट उचलतात. ते थकले की तोच वाटा मुकाट्याने अस्थिबंधावर जाऊन पडतो. विहिरीवरच्या जुन्या दोराचे पीळ जसे एकेक करून सुटत जातात आणि शेवटी एखाद्या साध्याच घागरीला दोर तुटतो, तसे या अस्थिबंधाचे होते. ज्या चेंडूवर तो तुटला तो चेंडू लक्षात राहतो, पण झीज आधीच्या कित्येक हंगामांतली असते.

पंधरा वर्षांच्या मुलात यात आणखी एक गोष्ट मिळते. कोपराच्या आतल्या उंचवट्याजवळ हाडाच्या वाढीची पट्टी असते आणि मुलग्यांमध्ये ती साधारणपणे पंधरा ते सतरा वर्षांच्या दरम्यान पूर्ण जुळते. ती जुळेपर्यंत साखळीतील सर्वांत कच्ची कडी तीच असते. म्हणून या वयात आतल्या बाजूला होणारी वेदना ‘स्नायू आखडला असेल’ म्हणून सोडून देता येत नाही.

थकव्याचा मुद्दा मी तर्काने मांडला, पण त्याला मोजलेला आधारही आहे. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथील अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या किशोरवयीन पिचरांची तुलना निरोगी पिचरांशी केली. वर्षातून आठ महिन्यांहून अधिक काळ सामन्यांत पिचिंग करणाऱ्या मुलांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट आढळली, एका सामन्यात सरासरी ८० पेक्षा जास्त चेंडू टाकणाऱ्यांमध्ये ती सुमारे चौपट होती आणि हात थकलेला असताना वारंवार फेकत राहणाऱ्यांमध्ये ती ३६ पट होती. याच संस्थेने दहा वर्षे मुलांचा माग ठेवून २०११ साली दाखवून दिले की, वर्षाला १०० पेक्षा अधिक इनिंग (बेसबॉलमध्ये एका संघाचे तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा डाव) टाकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या साडेतीनपट असते. आपला मुलगा दोन संघांकडून खेळतो, हे वाचताच माझी पहिली काळजी हीच होती. प्रत्येक संघाचा प्रशिक्षक फक्त आपल्या सामन्यांतील चेंडू मोजतो आणि दोन्हींची बेरीज कोणीच करत नाही.

व्यावसायिक खेळात या अस्थिबंधाचा इतिहास एका माणसाच्या नावाने सांगितला जातो. टॉमी जॉन हा इंडियाना राज्यातील डावखुरा पिचर १९६३ साली मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, आला. १७ जुलै १९७४ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सकडून माँट्रियलविरुद्ध खेळताना त्याच्या डाव्या कोपराचा अस्थिबंध तुटला. त्या हंगामात तोवर त्याने १३ सामने जिंकले होते आणि फक्त ३ गमावले होते (बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय किंवा पराभव एका पिचरच्या नावावर लिहिला जातो). त्या काळी अशी दुखापत म्हणजे निवृत्तीच असे. सँडी कोफॅक्स या महान पिचरने १९६६ साली २७ विजय मिळवून वयाच्या तिसाव्या वर्षी खेळ सोडला होता. त्याचे कारण कोपराचा संधिवात हे असले, तरी दुखऱ्या कोपरापुढे वैद्यक किती हतबल होते हे त्यातून दिसतेच. डॉजर्सचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी जॉनच्या उजव्या हातातील एक कंडरा काढून डाव्या कोपरात, हाडांना भोके पाडून, अस्थिबंधाच्या जागी ओवला. यश येण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक इतकीच सांगितली होती. पुढे हाताच्या चेतातंतूला इजा झाल्याचे दिसले, बोटे आकसली आणि डिसेंबरमध्ये दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा संपूर्ण हंगाम त्याने सावकाश, पुन्हा पहिल्यापासून फेकायला शिकण्यात घालवला.

१९७६ साली तो परतला आणि १९८९ पर्यंत, म्हणजे वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत आणि एका हंगामात वीस किंवा अधिक विजय मिळवण्याची किमया त्याने तीनदा केली, तीही सर्व शस्त्रक्रियेनंतर. हे आकडे सांगताना बहुतेक लोक नव्या कंडरेचे कौतुक करतात. मला त्याच्या शैलीचे कौतुक अधिक वाटते. जॉन कधीच अतिवेगवान पिचर नव्हता. त्याचा मुख्य चेंडू सिंकर होता, म्हणजे फलंदाजाजवळ येताना खाली बसणारा, जो मारला तरी बहुधा जमिनीवरून सरपटत क्षेत्ररक्षकाकडे जातो. प्रत्येक चेंडूत जीव ओतण्याची त्याला गरज नव्हती. तशी गरज असलेला पिचर नव्या अस्थिबंधालाही तितकाच ताण सोसायला लावतो.

आता कारकिर्दीच्या पायऱ्यांविषयी सांगतो. त्या आईवडिलांना बहुधा अर्धवटच सांगितल्या जातात. अमेरिकेतील मुलांसाठी मेजर लीगचे दार म्हणजे जुलैमध्ये होणारा ड्राफ्ट. २०२१ पासून त्याच्या २० फेऱ्या असतात, म्हणजे ३० संघ मिळून साधारण ६०० खेळाडू निवडतात. मुलगा शाळा संपताच निवडला जाऊ शकतो. चार वर्षांच्या विद्यापीठात दाखल झाल्यास तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची २१ वर्षे भरेपर्यंत त्याला थांबावे लागते. निवड झाल्यावर मायनर लीगच्या पायऱ्या लागतात: आधी रुकी, मग सिंगल-ए चे दोन स्तर, मग डबल-ए, मग ट्रिपल-ए. एका संघाच्या या सर्व स्तरांवर मिळून दीडशेहून अधिक खेळाडू असतात आणि वर मेजर लीगच्या संघात जागा २६, त्यांपैकी पिचरसाठी जास्तीत जास्त १३. बहुतेक पिचरांची कारकीर्द या पायऱ्यांवरच सुरू होते आणि तिथेच संपते, आणि त्यांतले अनेक जण खरोखर उत्तम पिचर असतात.

पैशांचेही चित्र स्पष्ट असलेले बरे. मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार २०२३ साली झाला, तेव्हा ट्रिपल-ए मधील किमान वार्षिक वेतन ३५,८०० डॉलर आणि सिंगल-ए च्या खालच्या स्तरावर २६,२०० डॉलर ठरले. त्याआधी ते याहून पुष्कळच कमी होते. मेजर लीगचे किमान वेतन २०२५ साली ७,६०,००० डॉलर होते, पण ते मेजर लीगच्या यादीवर असलेल्या दिवसांच्या हिशेबाने मिळते. १७२ दिवस म्हणजे सेवेचे एक वर्ष धरले जाते. वेतनासाठी लवादाकडे जाण्याचा हक्क बहुतेकांना तीन वर्षांनी आणि हव्या त्या संघाशी करार करण्याचे स्वातंत्र्य सहा वर्षांनी मिळते. बावीस-तेवीस वर्षांचा पिचर वर आला, मध्ये खाली पाठवला गेला, एक हंगाम शस्त्रक्रियेत गेला, तर सहा वर्षे भरेपर्यंत तो तिशीत पोहोचलेला असतो. मोठ्या करारांच्या ज्या बातम्या आपण वाचता, त्या या गाळणीतून खाली उतरलेल्या मोजक्यांच्या असतात.

शाळेतून थेट व्यावसायिक होण्याऐवजी विद्यापीठात जावे, असे मी बहुतेक कुटुंबांना सुचवतो. अपवाद म्हणजे पहिल्या फेऱ्यांतील अतिशय मोठी बोनसची रक्कम. तशा वेळी पुढील शिक्षणाचा खर्च संघाने उचलावा अशी तरतूद करारात घालून घेता येते आणि ती अवश्य घालून घ्यावी. भारतातून या वाटेने गेलेल्यांत रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही नावे सर्वांना माहीत आहेत. उत्तर प्रदेशातील हे दोघे भालाफेकपटू २००८ च्या एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. दिनेशला संघाने २०१० मध्ये मुक्त केले. रिंकू सिंगल-ए पर्यंत चढला, मग दुखापतींनी त्याची वाट अडवली आणि तो पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला. बेसबॉल हातात न धरलेल्या मुलांनी इतके अंतर कापावे ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पण नुसत्या बलवान हाताला या खेळात कुठपर्यंत नेता येते याचा अंदाजही त्यातून येतो.

वेग आवश्यक आहे, हे मी नाकारत नाही. मेजर लीगमध्ये सरळ फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ साली ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ साली ९४.२ मैलांवर, म्हणजे सुमारे १५२ किलोमीटरवर गेला. निवडकर्ता रडार गन घेऊन येतो आणि पहिली नोंद वेगाचीच करतो. परंतु मेजर लीगने स्वतःच डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात वाढता वेग, चेंडूला जास्तीत जास्त वळण देण्याचा हव्यास आणि प्रत्येक फेकीत पूर्ण जोर लावण्याची सवय ही दुखापतींची प्रमुख कारणे म्हणून नोंदवली आहेत. हीच सवय शाळकरी वयापर्यंत झिरपली असल्याचेही त्यात म्हटले आहे. आज मेजर लीगमधील साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या पिचरांनी टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे जॉनवर झालेली तीच अस्थिबंधाची शस्त्रक्रिया, करून घेतलेली आहे.

स्टीफन स्ट्रासबर्गचे उदाहरण मी पालकांना आवर्जून देतो, कारण त्यात कोणाचाही निष्काळजीपणा नव्हता. २००९ च्या ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टनने त्याला सर्वांत पहिला निवडले. जून २०१० मध्ये पहिल्याच सामन्यात त्याने १४ फलंदाज बाद केले आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. २०१२ साली संघ प्लेऑफकडे निघालेला असतानाही त्याचा हात जपण्यासाठी त्याला १५९ इनिंगनंतर थांबवण्यात आले. त्यावर फार टीका झाली. २०१९ साली तो वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि त्याला सात वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला. त्या करारानंतर खांद्या-मानेच्या चेतातंतूंच्या त्रासामुळे तो केवळ आठ सामन्यांत उतरू शकला आणि २०२४ मध्ये त्याची निवृत्ती जाहीर झाली. इतके सर्व वैद्यकीय साहाय्य हाताशी असतानाही अत्यंत वेगवान हाताचे आयुष्य किती मोजके असू शकते, ते इथे दिसते.

याच्या दुसऱ्या टोकाला जेमी मॉयर आहे. माझ्या दृष्टीने पिचरच्या कारकिर्दीविषयी सर्वांत अधिक शिकवणारा खेळाडू तोच. १९८६ साली तो शिकागो कब्जकडून मेजर लीगमध्ये आला. तिशी ओलांडण्यापूर्वी त्याच्या नावावर अवघे ३४ विजय होते. १९९२ चा सबंध हंगाम त्याला मायनर लीगमध्ये काढावा लागला आणि खेळणे सोडून प्रशिक्षक व्हावे असेही त्याला सुचवले गेले. तिथून पुढे त्याने २३५ सामने जिंकले. सिएटलकडून २००१ साली २० आणि २००३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, २१ विजय मिळवले आणि २००८ मध्ये फिलाडेल्फियाबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकली. २०१० मध्ये कोपर गेले, शस्त्रक्रिया झाली, आणि १७ एप्रिल २०१२ रोजी कोलोरॅडोकडून सामना जिंकताना तो ४९ वर्षांचा होता. मेजर लीगच्या इतिहासात त्याच्याहून वयस्क विजयी पिचर झालेला नाही. त्याचा फास्टबॉल शेवटी ताशी ८० मैलांच्याही खाली असे. म्हणजे आपल्या मुलाचा आजचा वेग त्याच्याहून अधिक आहे. मॉयरजवळ होता तो चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखाच हात फिरवून टाकलेला पण मागे राहणारा चेंडू, आणि कोपऱ्यावर हवा तिथे चेंडू ठेवण्याची शिस्त. फलंदाजाला वेगापेक्षा वेगातील फरक अधिक त्रास देतो, हे त्याने पंचवीस हंगामांत सिद्ध केले.

आर. ए. डिकीची कहाणी याहून विलक्षण आहे. १९९६ साली टेक्सास रेंजर्सने त्याला पहिल्या फेरीत निवडून ८,१०,००० डॉलर देऊ केले होते. एका मासिकाच्या मुखपृष्ठावरील छायाचित्रात त्याचा हात काहीसा विचित्र लोंबताना संघाच्या वैद्यकीय पथकातील एकाला दिसला. तपासणी झाली आणि त्याच्या उजव्या कोपरात तो अस्थिबंध मुळात नाहीच असे आढळले. देऊ केलेली रक्कम ७५,००० डॉलरवर आली. वर्षानुवर्षे वर-खाली होत राहिल्यावर त्याने नकलबॉल, म्हणजे फिरकी जवळजवळ नसलेला आणि हवेत डुलत जाणारा संथ चेंडू, आपलासा केला आणि २०१२ साली न्यूयॉर्क मेट्सकडून २० विजयांसह हंगामातील सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार मिळवला. प्रत्येकाने नकलबॉल शिकावा असे मी म्हणणार नाही. तो फार थोड्यांना साधतो. पण पिचर मध्यावर स्वतःला पुन्हा घडवू शकतो आणि त्यासाठी हात शाबूत व मन तयार असावे लागते, एवढे यातून घ्यावे.

बदलाचा आणखी एक मार्ग म्हणजे भूमिका बदलणे. सुरुवात करणारा पिचर पाच-सहा दिवसांतून एकदा उतरतो आणि ९० ते १०० चेंडू टाकतो; रिलीव्हर एखाद-दुसरी इनिंगच टाकतो, पण आठवड्यातून अनेकदा. जॉन स्मोल्ट्झ २००० सालच्या शस्त्रक्रियेनंतर अटलांटा ब्रेव्ह्जचा क्लोजर, म्हणजे सामन्याचा शेवट करणारा रिलीव्हर, झाला, पुढे पुन्हा सुरुवातीचा पिचर झाला आणि २१३ विजय व १५४ सेव्ह (निसटती आघाडी शेवटपर्यंत राखल्याबद्दलची नोंद) अशी जोडी त्याच्या नावे राहिली. दोनशे विजय आणि दीडशे सेव्ह दोन्ही गाठणारा तो एकटाच आहे. २०१५ मध्ये कूपर्सटाउन येथे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश स्वीकारताना त्याने भाषणातील बराच वेळ पालकांशी बोलण्यात घालवला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर ही शस्त्रक्रिया होणे सामान्य मानू नका, बेसबॉल हा बारमाही खेळ नाही, मुलांना इतर खेळ खेळू द्या, असे त्याचे सांगणे होते. मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे.

‘शस्त्रक्रियेनंतर वेग वाढतो असे ऐकतो, मग आताच करून घेतली तर?’ असा प्रश्न मला पालकांनी विचारलेला आहे, म्हणून त्याचे स्पष्ट उत्तर देतो. शस्त्रक्रियेने वेग वाढत नाही. ज्यांचा वाढल्यासारखा दिसतो, त्यांनी वर्षभर पाय, कंबर, खांद्यामागचे स्नायू यांवर शिस्तीने काम केलेले असते आणि त्यांचे वयही एका वर्षाने वाढलेले असते. हे काम शस्त्रक्रियेविना करता येते. पुनर्वसनास १२ ते १८ महिने लागतात, पहिले चार-पाच महिने चेंडू फेकताच येत नाही, आणि व्यावसायिक खेळाडूंतही दहापैकी साधारण आठ जणच पूर्वीच्या पातळीवर परततात. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली तर हे प्रमाण आणखी घसरते.

आता आपल्या मुलाविषयी. पंधराव्या वर्षी ८२ मैल हा उत्तम वेग आहे आणि उंची व स्नायू वाढतील तसा तो आपोआप काही मैलांनी वाढेल. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल ही राष्ट्रीय संस्था यांनी मिळून आखलेली ‘पिच स्मार्ट’ ही मार्गदर्शक तत्त्वे मी किमान मर्यादा म्हणून पाळायला सांगतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत. ७६ किंवा अधिक टाकले तर चार दिवस, ६१ ते ७५ टाकले तर तीन दिवस आणि ४६ ते ६० टाकले तर दोन दिवस विश्रांती हवी. बारा महिन्यांत १०० इनिंगची मर्यादा ओलांडू नये. वर्षातले किमान चार महिने सामन्यांतले पिचिंग पूर्ण बंद आणि त्यातले सलग दोन ते तीन महिने डोक्यावरून कोणतेही फेकणे बंद. ज्या दिवशी पिचिंग केले त्या दिवशी कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारा, म्हणून खेळू नये, कारण कॅचरचाही हात दिवसभर फेकतच असतो. एकाच हंगामात दोन संघांकडून पिचिंग करू नये. ते टाळता येत नसेल तर दोन्ही प्रशिक्षकांना एकमेकांचे आकडे दररोज कळले पाहिजेत.

याचा अर्थ हिवाळा वाया घालवावा असा नाही. नोव्हेंबर ते जानेवारी त्याने बास्केटबॉल खेळावे, पोहावे, पायांची आणि धडाची ताकद वाढवावी, खांद्याच्या मागच्या लहान स्नायूंचे व्यायाम रबरी पट्ट्यांनी करावेत. चेंडूचा वेग जमिनीतून, पायांतून आणि कमरेच्या फिरण्यातून हातापर्यंत येतो. त्या साखळीत जे कमी पडते ते कोपराला भरून काढावे लागते. जड चेंडूंचे कार्यक्रम प्रौढ, हाडांची वाढ पूर्ण झालेल्या आणि सतत देखरेखीखाली असलेल्या खेळाडूंसाठी उपयोगी ठरू शकतात. वाढीची पट्टी जुळलेली आहे की नाही हे क्ष-किरणाने पाहिल्याशिवाय पंधरा वर्षांच्या मुलाला मी ते देणार नाही. फेब्रुवारीत फेकणे सुरू करताना पहिले काही आठवडे जवळून, हलके, एक दिवसाआड फेकावे आणि माउंडवर चढण्यापूर्वी सपाट जमिनीवर चेंजअप बसवावा. निवडकर्ते आज त्याचा चेंजअप मोजणार नाहीत, पण तो शिकण्याचे सर्वांत चांगले वय हेच आहे आणि त्यासाठी कोपराला वेगळा भुर्दंड पडत नाही.

प्रशिक्षकांशी बोलताना संघर्षाचा सूर नको. बहुतेक प्रशिक्षक मुलांचे हित चिंतणारेच असतात, पण त्यांच्यासमोर हंगाम असतो आणि आपल्यासमोर मुलाची पुढची पंधरा वर्षे. मुलगा नोव्हेंबर ते जानेवारी फेकणार नाही, एवढे आधीच लेखी कळवावे. विद्यापीठांच्या निवडीसाठी पुढचा उन्हाळा पुरेसा असतो.

सामन्यात थकवा ओळखण्याच्या खुणा आपणही शिकून घ्याव्यात, कारण या वयाचा मुलगा स्वतःहून ‘दुखते’ असे सांगत नाही. चेंडू एकापाठोपाठ उंच जाऊ लागणे, कोपर खांद्याच्या पातळीखाली येणे, दोन चेंडूंमधला वेळ लांबणे, हात झटकणे, वेग तीन-चार मैलांनी उतरणे, यांतले काहीही दिसले की त्या दिवसाचे पिचिंग संपले असे समजावे, मग चेंडूंची मोजणी कितीही असो. कोपराच्या आतल्या बाजूची वेदना दुसऱ्या दिवशीही राहिली, सकाळी हात पूर्ण सरळ होत नसला किंवा करंगळी व अनामिकेला मुंग्या येत असल्या, तर फेकणे त्याच दिवशी थांबवून क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांकडे जावे. जाताना गेल्या बारा महिन्यांतील दोन्ही संघांचे सामने, प्रत्येक सामन्यातील चेंडू आणि मधले विश्रांतीचे दिवस एकाच वहीत लिहून न्यावेत. डॉक्टरांनी क्ष-किरण किंवा एमआरआय काढण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तर तयार नसते.